शेवटच्या दोन ओळी

सायकल उभी करायच्या आधीच त्याचं बोलणं सुरू व्हायचं. "काय वाजवलं गा काल त्या माणसानं! अजून कान वाजून राहिले माहे!"

नागपुरातल्या एका पेपरच्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. तो कुठेच नोकरीला नव्हता. नाटक, दंडारीसारखा गावचा लोकखेळ, गाणं, जे पाहील त्यावर लिहून आणायचा. पँटच्या एका पायाला कायम सायकलची क्लिप. लेख देऊन निघून जाणं त्याला जमायचंच नाही. माझ्या टेबलावर ठेका धरून तो सगळा लेख पुन्हा तोंडी सांगायचा आणि माझे जुळवलेले खिळे हलायचे. मी चिडायचो, आणि ऐकतही राहायचो.

एकदा पारशिवनीकडच्या दंडारीवरचा त्याचा लेख दोन ओळींनी वाढला. शेवटी ढोलकीवाल्याचं नाव आणि टाळकऱ्यांची नावं होती. मी तीच काढायला घेतली.

"काहून काढून राहिला गा?"

"जागा नाही."

"मंग माहं नाव काढ. ते अन् त्याखालची मोकळी जागा, झाल्या ना दोन ओळी?"

"लिहिणाऱ्याचंच नाव काढू?"

"माह्या मायनं वीस वर्सं वस्तीत भीमगीतं गायली. तिचं नाव कोणी छापलं? काढ म्हणतो ना!"

सकाळी ताजे पेपर काखेत मारून तो पारशिवनीची बस पकडायला निघाला. दारातल्या चहावाल्यानं लेख पाहून विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

"ते सोड," तो धावता धावता ओरडला, "कोणी वाजवलं ते वाच!"