चाड्यासाठी घेतलेलं मशीन

आईनं माझ्याकडं फार कधी काही मागितलं नाही. मागच्या भाद्रपदात मागितलं ते एवढंच, की चाड्याच्या काठाला एक कुसळ निघालंय, तळहाताला टोचतंय, तेवढं काढून दे.

चाडं म्हणजे पेरणीच्या पाभरीवर बांधलेला बाभळीच्या लाकडाचा वाडगा. पाभर चालू लागली की मागून चालणारी बाई त्यात मुठीनं बी सोडत जाते आणि ते तळाच्या भोकांतून, नळ्यांतून जमिनीत उतरतं. आता आमच्या गावी, न्हावऱ्यात, पेरण्या ट्रॅक्टरनं होतात, आमचीही होते. पण आमच्या घरात रब्बीच्या ज्वारीचं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, अजून जुन्या पाभरीनंच धरतात. बैल विकल्यापासून ती पाभर आम्ही दोघे भाऊ ओढतो आणि चाड्यावर मूठ आईची असायची. काचबिंदूनं तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. उजेड आणि सावली एवढंच तिला कळतं. तरी त्या एका तासापुरती ती कुणाचा हात धरत नसे. मनगट चाड्याच्या काठावर टेकवायची, मुठीतून बी सोडायची आणि पाभरीमागं सरळ चालत जायची. भावाच्या बायकोनं घर हातात घेतल्यापासून वर्षभरात तेवढंच एक काम तिचं म्हणून उरलं होतं. त्या सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून पुढचं सांगताना ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय मला नाही.

पॉलिश पेपरचा एक तुकडा घेऊन तिथंच पडवीत बसलो असतो, तर चहा निवायच्या आत काम झालं असतं. मी चाडं पिशवीत घातलं आणि शिरूरला माझ्या घरी घेऊन आलो.

त्याचं कारण लाजिरवाणं आहे. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूडकाम करतो. पाट, ट्रे, मसाल्याचे डबे, असलं काहीबाही. कापायला, जोडायला मला आवडतं. घासायचा मात्र कंटाळा येतो, खांदे भरून येतात. एका बाजूला फिरणारा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला फिरणारी तबकडी असलेलं घासायचं मशीन घ्यावं, असं खूप दिवस मनात होतं. बायकोपुढं विषय काढला की ती म्हणायची, आधी केलेल्या पाटांवर बसायला माणसं आणा. चाडं घरात आलं आणि मला आयतं कारण मिळालं. आईचं काम आहे, म्हटलं. आईच्या नावाआड मी माझी हौस लपवली, ती अशी.

मग निवडणं सुरू झालं. जेवताना, शिफ्टच्या बसमध्ये, झोपायच्या आधी मी मोबाइलवर मशीनच पाहत होतो. पट्टा किती रुंद, तबकडी किती इंचाची, टेबल बिडाचं की पत्र्याचं, मोटार तापते का, भुसा ओढून घ्यायला मागं तोंड आहे का. शिरूरच्या दुकानात नुसतं चित्र दाखवून मागवून देतो म्हणाले. ते मला पटेना. दौंडला एकानं वापरलेलं मशीन दाखवलं, त्याची तबकडी डगडग हलत होती. शेवटी यवतला हायवेलगतच्या एका दुकानात दोन नवी मशीनं मांडून ठेवलीत असं कळलं. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर बायको दारात उभी राहून म्हणाली, “मशीन बघायला चाललाय की मुलगी बघायला? पसंत पडली तर चहापोहे तिथंच उरका.”

शिरूरहून यवतला जाताना न्हावरं लागतं. रस्त्यापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर आहे. मी गाडी थांबवली नाही. आईनं चाड्याचं विचारलं असतं आणि ते जसंच्या तसं माझ्या शेडमध्ये पिशवीत पडलेलं होतं. भीमेचा पूल ओलांडेपर्यंत मला चोरट्यासारखं वाटत होतं. पलीकडं गेल्यावर मी पुन्हा पट्ट्याच्या रुंदीचा विचार करू लागलो.

दुकानदारानं दोन्ही मशीनं चालू करून दाखवली. एकाचा पट्टा अवघा इंचभर रुंद, उभा फिरणारा. त्याच्या मागची लोखंडी पट्टी काढली की पट्टा सैल पडतो आणि गोल वस्तूच्या अंगाबरोबर वळतो, असं त्यानं सांगितलं. दुसरं थोरलं, चार इंची पट्ट्याचं, शेजारी मोठी तबकडी. मी खिशातून गुण्या काढला आणि टेबल तबकडीशी काटकोनात आहे का ते पाहिलं. दुकानदार हसला. “साहेब, पत्रिका पण जुळवून घ्या.” मग त्यानं विचारलं, घासायचं काय आहे? मी फर्निचर म्हणालो. आईचं चाडं, असं सांगायला मला तिथं कमीपणा वाटला. एवढ्याशा कुसळासाठी कुणी मशीन घेतं का, असं तो म्हणाला असता, आणि ते खरंच होतं. त्यानं बाभळीचा एक तुकडा हातात दिला. थोरल्या पट्ट्यावर नुसता टेकवला तर कडेची ढलपी सायीसारखी निघून गेली. मला दुसरं काही बघायचंच नव्हतं. धाकटं मशीन मला खेळण्यातलं वाटलं.

तोवर पितरांचा पंधरवडा लागला होता. बायको म्हणाली, नवी वस्तू आत्ता घरात नको, घटस्थापनेला आणा. मी लगेच मान डोलावली. आई भावाकडून फोनवर विचारत होती, झालं का? चाललंय, असं मी सांगत होतो. वास्तविक चाललं काहीच नव्हतं. हातानं घासायचं आता माझ्या मनातही येत नव्हतं.

घटस्थापनेला थोरलं मशीन घरी आलं, आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. “दादा, रानाला वाफसा आलाय. उद्या सकाळी पहिलं तास धरायचं. चाडं घिऊन ये.”

संध्याकाळी कामावरून येऊन मी घाईघाईनं मशीन जोडलं. सोबत आलेला पट्टा भरड होता. बारीक पट्टा आणायला वेळ नव्हता. कुसळ पहिल्या स्पर्शातच गेलं. तिथं थांबायला हवं होतं. पण मशीन सुरू होतं आणि हातात लाकूड होतं. मी चाडं डोळ्यासमोर धरलं, तर काठ एका बाजूला खोलगट दिसला. कारखान्यात माझं कामच ते आहे, सपाट नाही ते बाजूला काढायचं. मी चाडं उपडं करून काठ पट्ट्यावर ठेवला आणि दाबला. भुशाचा वास आला. उचलून बघितलं तर काठ सगळीकडून एकसारखा. मग बाहेरचा काळपट थर तबकडीवर काढला, आतून पिवळंधमक लाकूड निघालं. वर तेल चोळलं. ते टेबलावर ठेवून मी कितीतरी वेळ बघत होतो. बायकोलाही बोलावून दाखवलं. मी मनापासून खूश होतो, हे सांगायला हवं.

सकाळी रानात गेलो तेव्हा आई बांधावर उभी होती, ओटीत बी घेऊन. भावानं पाभरीला चाडं बांधलं आणि मला म्हणाला, “दादा, तू डावीकडं. कंपनीच्या बैलाला उजवीकडचं जमायचं न्हाई.” आई हसली. भावाच्या बायकोनं पाभरीला हळदकुंकू लावलं आणि आईला पाभरीजवळ आणून उभं केलं.

आईनं चाड्यावर हात ठेवला आणि तिचं हसू थांबलं. मनगट काठावर टेकवलं, उचललं, जरा सरकवून परत टेकवलं. मग तिनं अंगठ्यानं काठाचा पुरा वेढा चाचपला, एकदा नाही, दोनदा.

“ह्ये कुणाचं चाडं?” तिनं विचारलं.

“आपलंच आहे, आई. कुसळ काढलं, जरा साफसफाई केली.”

“माझं मनगाट हितं बसायचं,” ती म्हणाली. तिचं बोट काठावर हिंडत होतं, आणि ते थांबेल अशी जागा मी ठेवली नव्हती.

एवढी वर्षं मनगट टेकून टेकून झालेली ती जागा होती. तिच्या आधी तिच्या सासूचं मनगट तिथं असायचं. मूठ चाड्याच्या मध्यावर आहे हे आईला त्या जागेवरून कळायचं. मी त्याला लाकडाचा दोष समजलो होतो.

भाऊ म्हणाला, सावकाश ओढतो, धरून बघ. आम्ही पाभर ओढली. चार पावलं गेलो असू नसू, तिची मूठ काठावरून घसरली आणि बी बाहेर ढेकळांवर सांडलं. तिनं हात पुन्हा आणला, पुन्हा घसरला. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ती उभी राहिली होती.

“थांबा,” ती म्हणाली. “सूनबाईला बोलवा. तिनं धरू दे मूठ.”

“आई, आगं असं काय करती?” भाऊ म्हणाला.

“नव्या चाड्याला नवा हात बरा. मला बी कवातरी सोडायचंच हुतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं ओटीतलं बी सुनेच्या ओटीत ओतलं, लुगड्याला चिकटलेले दाणेसुद्धा निपटून दिले. भाऊ माझ्याकडं बघत नव्हता. आम्ही पुन्हा पाभर ओढली. ते तास संपेपर्यंत आई मला शिव्या देईल अशी मी वाट पाहत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी एक प्रयत्न केला. कानस आणि पेन्सिल घेऊन न्हावऱ्याला गेलो. आईला म्हटलं, मनगट टेकव, मी खूण करतो, होती तशी जागा करून देतो. तिनं माझं मन राखायला हात ठेवला. मग दुसरीकडं ठेवला. मग उचलून घेतला. “न्हाई रं,” ती म्हणाली. “इचारून हाताला आठवत न्हाई.” मी कानस पिशवीत टाकली. कारखान्यातले एकदोघं आता मला विचारतात, कुठलं मशीन घेऊ? मी पट्ट्याची रुंदी सांगतो, टेबलाला गुण्या लावून बघा म्हणतो. बाकीचं सांगायला तोंड उघडत नाही.

ज्वारी उगवून आली तेव्हा आई मला म्हणाली, रानात घेऊन चल. मी तिचा हात धरून नेलं, पहिल्या तासाशी उभं केलं. ती खाली बसली आणि कोवळ्या पोंग्यांवरून बोटं फिरवत पुढं सरकू लागली. काही अंतरावर बोटं मोकळ्या मातीत आली. पुढं पुन्हा पोंगे, पुन्हा मोकळी माती. नांग्या पडल्या होत्या, बी सगळीकडं सारखं पडलं नव्हतं. पहिल्याच वर्षी कुणाचं सारखं पडतं, असं ती आपल्याशीच म्हणाली. कनवटीची बियाण्याची पुरचुंडी तिनं सोडली. घरून निघतानाच तिनं ती बांधून घेतली होती. बोटानं माती उकरून तिनं त्या जागेत दाणे टाकले आणि वर माती सारली.

मी तिच्या शेजारी बसलो आणि पुरचुंडीकडं हात नेला.

“तू ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “तिला हाक मार. तिला दावते, कुठं कुठं मूठ सुटली ती.”

मी उठलो आणि भावाच्या बायकोला बोलवायला घराकडं निघालो.