मागच्या सीटवरचे आप्पा

ताईला आलेलं स्थळ घरात सगळ्यांना पसंत होतं, आणि म्हणूनच मला संशय आला. मुलगा सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात वडिलांबरोबर फ्लॅटमध्ये राहायचा, घरूनच कंपनीचं काम करायचा आणि सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकायचा नाही म्हणे. इतकी निर्मळ माणसं मी फक्त निवडणुकीच्या हँडबिलावर पाहिली होती. त्यात कुणीतरी सांगितलं, की संध्याकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसतो आणि खोलीतून धाडधाड आवाज येतात. मी त्या वेळी पैसे लावून खेळायच्या गेमांविरुद्ध एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होतो. मजकूर माझाच होता. म्हटलं, सापडला.

रविवारी ताईनं होकार किंवा नकार कळवायचा होता. आई-बाबा रीतसर घर बघून आले होते. पण रीतसर गेलं की पोहेच दिसतात. मी न कळवता गेलो.

दार उघडंच होतं. आतून त्याच्या वडिलांचा आवाज आला, "या पाव्हणं, बसा. आमी जरा वर हाय."

वर म्हणजे कुठं, ते आत गेल्यावर कळलं. टेबलावर दोन स्क्रीन शेजारी शेजारी. मुलगा महायुद्धातलं एक रशियन विमान चालवत होता. खाली झेपावून ट्रक, रेल्वे, रणगाडे फोडायचं त्याचं काम. वडील, म्हणजे आप्पा, लॅपटॉपवरून त्याच विमानात मागच्या सीटवर बसले होते. शेपटीकडं तोंड, हातात मशीनगन. पाठीमागून येणारा शत्रू त्यांनी बघायचा. वैराग गावाकडचे शेतकरी. बायको गेल्यावर जमीन वाट्यानं देऊन मुलाकडं राहायला आलेले.

मी ताईचा भाऊ म्हणून ओळख सांगितली आणि यात पैसे कुठं लावतात, असं सरळच विचारलं. मुलानं सगळं उघडून दाखवलं. गेम एकदा विकत घेतलेला, पुढं रुपया लागत नाही. मी तरी दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं. इतक्या आनंदानं कोण कशाला दाखवेल?

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मागनं आलंय. डावीकडं वळ की." तो वळला. खाली बर्फातल्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती. त्यानं एकदा झेप घेतली, मग परत एकदा. आप्पा म्हणाले, बास, फिर माघारी.

"एकच गाडी राहिलीय, आप्पा," असं म्हणून तो पुन्हा खाली गेला.

मागून गोळ्या आल्या आणि आप्पांचा स्क्रीन काळा झाला. माउसवरचा हात काढून ते माझ्याकडं बघत हसले. "मेलो की पाव्हणं. च्या टाकतो."

विमान उडतच होतं. मग आप्पाच कसे मेले, असं मी विचारलं. मुलगा अगदी रंगून सांगायला लागला. पायलट आणि इंजिन पोलादी कवचात असतात. मागची सीट नंतर जोडलेली, ती कवचाच्या बाहेर. माझं डोकं फिरलं. चालवणारा पोलादात आणि राखण करणारा उघड्यावर! आणि ते ठाऊक असूनही हा तिसऱ्यांदा खाली गेला. मी तसं बोललोच. तो म्हणाला, "गेम आहे हो. आप्पांना परत बसवता येतं."

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं, जवळजवळ कोपरा सभाच घेतली. आई म्हणाली, विमानापायी कुणी स्थळ मोडतं का? ताई म्हणाली, पैसे सापडले नाहीत म्हणून तू हे उचलून आणलंस. पण तिनं त्याला फोन केला आणि का वळला नाहीस ते विचारलं. तो म्हणाला, चुकलं, आप्पा म्हणाले तेव्हाच वळायला हवं होतं.

मला ते आणखीच खटकलं. आमची निवेदनं घेणारे साहेबही 'तुमचं अगदी बरोबर आहे' असंच म्हणतात, आणि कागद टेबलावर ठेवून डबा उघडतात. ताईला हे सांगितल्यावर ती वैतागली. "मग परत जा. वळतो का बघ."

शनिवारी गेलो आणि त्यांच्या पाठीमागं पलंगावर बसलो. या वेळी खाली रेल्वे होती. डबे पेटले होते, इंजिन तेवढं शाबूत होतं. आप्पा म्हणाले, "फिर आता." त्यानं इंजिन सोडलं आणि विमान वळवलं. आप्पा खुशीत पाय हलवायला लागले. बराच वेळ मागं कुणी आलं नाही, तरी ते मशीनगन रोखूनच बसले होते.

वळताना त्यानं मान किंचित फिरवून माझ्याकडं बघितलं. बघितलं नसतं, तर मी विश्वास ठेवला असता.

घरी ताई दारातच उभी होती. मी दोन्ही सांगितलं. तो वळला हे, आणि वळताना माझ्याकडं बघितलं हेही. लपवाछपवी मला जमत नाही.

ती थोडा वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "कुणी बघत असताना तरी वळतो ना. बाकीचं मी बघते."

आणि आईला होकार कळवायला सांगून ती आत गेली.