उघड्या दारातली जपमाळ

नव्वदच्या दशकात नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीवर एका बिल्डरची नजर पडली. रस्त्यालगतचा तुकडा त्याला हवा होता. बाबांनी त्याच्या माणसाला चहा पाजला आणि सांगितलं, "विकायची नाही." दुसऱ्यांदा तो आला तेव्हा बसलाच नाही. "घरात तरुण मुलगी आहे, विचार करा," एवढं म्हणून गेला. ती मुलगी मी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते.

त्याच आठवड्यात एका सकाळी घडांसकट आडव्या पडलेल्या केळी दिसल्या. एकेका घावात कापलेल्या. बाबा पोलीस चौकीत गेले. "साक्षीदार कोण?" तिथल्या हवालदाराने विचारलं. साक्षीदार नव्हता. मग रोज संध्याकाळी फाटकाशी दोन मोटारसायकली येऊन थांबू लागल्या. ती माणसं काही बोलत नसत. इंजिन चालू ठेवून घराकडे बघत बसत आणि निघून जात. माझं कॉलेज बंद झालं.

संध्याकाळी सात वाजता आमच्या ख्रिस्ती घरात जपमाळेची प्रार्थना व्हायची. बाबा म्हणाले, "दार लाव. हळू आवाजात म्हणू."

"आज लावलं तर उद्या उघडायची हिंमत होणार नाही," आई म्हणाली, आणि तिने दार उघडंच ठेवलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवाले फाटक उघडून अंगणात आले. तिघं होते. बाबा उठू लागले, तर आईने त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि आवाज चढवला. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मी नुसती ओठ हलवत होते. त्या दिवशी मणी घट्ट धरून मी खरंच मागितलं, देवा, कोणालातरी पाठव.

आईने 'नमो मारिया' या प्रार्थनेचा अर्धा भाग म्हटला. पुढचा अर्धा आम्ही म्हणायचा, पण आमची नजर त्या तिघांवरच खिळली होती. तो अर्धा भाग कुंपणापलीकडून आला. शेजारच्या काकूंचा आवाज! पुढच्या वेळी त्यात काकांचा मिसळला, मग मागच्या घरातल्यांचा. म्हणत म्हणतच सगळे अंगणात आले आणि त्या तिघांना वळसा घालून पुढे येऊन गुडघ्यांवर बसले. त्या तिघांतला एक जण पुटपुटला, "चल." फाटक वाजलं तरी आई थांबली नाही.

जपमाळ संपल्यावर काका मान खाली घालून म्हणाले, "केळी कापताना मी बघितलं होतं. घाबरलो. उद्या माझं नाव लिहा."

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर सात जण चौकीत गेले आणि तक्रार नोंदवली गेली. ती माणसं पुन्हा आली नाहीत. मी परत कॉलेजला जाऊ लागले, सुरुवातीला काकूंच्या सोबतीने.

बाबांना मात्र वेळ लागला. जपमाळेतल्या प्रभूच्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याचे शब्द आले की ते गप्प होत. आईने त्यांना कधी टोकलं नाही. ती तेवढे शब्द एकटी म्हणायची आणि पुढची ओळ घेण्याआधी त्यांच्यासाठी क्षणभर थांबायची.