वाऱ्याविरुद्ध गेलेलं मडकं

मराठवाड्याला समुद्र नाही असं भूगोलाच्या पुस्तकात लिहिलंय. आमच्या गावात ते कुणी फारसं मनावर घेत नाही. नाथसागर धरणाच्या काठावर थंडीच्या दिवसांत सकाळी उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही, पाण्यातून वाफा निघतात, आणि घराघरातून माशाच्या कालवणाचा वास येतो. समुद्राला याहून वेगळं काय असतं, ते आम्हाला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

या काठावर पुंजारामकाका राहतात. जातीनं भोई, वय साठीला टेकलेलं, आमच्या घराला भिंत लागून घर. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काका साधे मच्छीमार असतात. हिवाळ्यात मात्र त्यांना एक आजार होतो. त्या आजाराचं नाव निजामुद्दीन.

निजामचाचा त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. धरणानं जुनं गाव उठवलं तेव्हा दोघं एकाच बैलगाडीत बसून नव्या जागी आले. जाळी शेजारी शेजारी वाळतात, पोरांची लग्नं एकाच मांडवाच्या कापडात झाली. सगळं बरं चाललं होतं. मग चार हिवाळ्यांपूर्वी एका रविवारी शहरातून पांढरी गाडी आली.

गाडीतून संध्या मॅडम उतरल्या. त्या शहरात गारखेड्याला राहतात, कॉलेजात शिकवतात, आणि दर रविवारी पहाटे क्रांती चौकात चार-पाच जणांना गोळा करून पाखरं बघायला निघतात. त्या दिवशी पुंजारामकाका छातीभर पाण्यात जाळं ओढत होते आणि निजामचाचा काठावर चहा पीत होते. मॅडमनी विचारलं, ते तिकडचं चपट्या चोचीचं बदक कोणतं? चाचांना बदक आणि कोंबडी यांतला फरक फक्त रश्शात कळतो. त्यांनी पाण्याकडं तोंड करून आरोळी दिली. पाण्यातून उत्तर आलं, "थापट्या!" चाचांनी ते झेललं आणि साफ हिंदीत मॅडमना पोचतं केलं, वर दोन वाक्यं स्वतःची घातली. असं तासभर चाललं. मॅडमनी वहीत लिहिलं, 'निजामभाई सांगतात'. चाचांची मुलगी युसरा शहरात शिकते. तिनं मोबाईलवर शूटिंग केलं आणि ते सगळीकडं फिरलं. त्यात चाचा आहेत, मॅडम आहेत, पाखरं आहेत. मागं पाण्यात एक डोकं दिसतं, ते काकांचं.

पुढच्या हिवाळ्यात चाचांना मॅडमकडून टोपी मिळाली. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दुर्बीण. काकांना काय मिळालं, तर पित्त.

तेव्हापासून काकांनी चाचांच्या घरून आलेली शेवयांची वाटी हातात घेणं बंद केलं. साळूकाकू घ्यायच्या, काका भिंतीकडं बघायचे. मग वाटी रिकामी झाली की विचारायचे, संपली का? पांढरी गाडी वळणावर आली की काका आवाजावरून ओळखायचे आणि मुद्दाम पाठ करून बसायचे. पाठ करून बसलेला माणूस किती वेळा मागं बघू शकतो, हे ज्याला मोजायचं असेल त्यानं रविवारी आमच्या ओट्यावर यावं. साळूकाकू एकदा म्हणाल्या, "तुमचं हे जळणं असंच ऱ्हायलं तर मला सरपण आणायची गरज नाय."

पण काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाखरांची विद्या त्यांची होती, आणि ती त्यांना त्यांच्या बापानं दिली होती. अभयारण्य होण्याआधी भोयांची बरीच घरं हिवाळ्यात बदकं धरायची. बंदुकीनं नाही, मडक्यानं. आठ-दहा दिवस आधी पाण्यात रिकामी मडकी सोडून द्यायची. बदकं आधी बिचकतात, मग सवय होते, मग मडक्याला घासून पोहतात. मग एका सकाळी माणसानं डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळ्याएवढ्या पाण्यात शिरायचं, बाकीच्या मडक्यांसारखंच तरंगत जायचं, आणि खालून पाय धरून बदक आत ओढायचं. शेजारच्या बदकालाही कळत नाही. बापानं काकांना पहिला आणि शेवटचा नियम एकच शिकवला होता. मडकं वाऱ्याबरोबर जातं. काहीही झालं तरी वाऱ्याच्या उलट पाऊल टाकायचं नाही. बदकाला माणूस ओळखता येत नाही, पण मडकं कसं जातं ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

काका विशीत होते तेव्हाच बंदी आली. काकांनी ती पाळली. मडकं साळूकाकूंनी घेतलं, भोकांत चिंध्या कोंबल्या आणि त्यात हुलगे भरून ठेवले. चाळीस वर्षं त्यात हुलगेच होते.

यंदा जानेवारीत गोष्ट पेटली ती बोर्डावरून. मॅडमच्या मंडळानं ठरवलं की आमच्या काठावर एक बोर्ड लावायचा. त्यावर पाखरांची चित्रं, आणि खाली 'पक्षी पाहण्यासाठी संपर्क', एक नाव, एक नंबर. काकांनी स्वतः जाऊन मॅडमना विचारलं, नाव कुणाचं? आयुष्यात पहिल्यांदा ते मॅडमशी बोलले. मॅडम भल्या आहेत. त्या म्हणाल्या, अजून ठरलं नाही काका, पक्षीगणना होऊ द्या. बाभळीच्या फुगवट्यातली पाखरं ज्याला नीट माहीत त्याचं नाव टाकू.

बाभळीचा फुगवटा म्हणजे धरणाचं पाणी जिथं जुन्या बाभळीच्या रानात शिरलंय ती उथळ जागा. वाळलेली झाडं आडवी येतात, त्यामुळं काठावरून दुर्बिणीला अर्धी पाखरं दिसतच नाहीत. काकांना हे माहीत होतं. ते घरी आले, हुलगे परातीत ओतले आणि भोकांतल्या चिंध्या ओढून काढल्या.

साळूकाकूंनी विचारलं की हे काय चालवलंय. काका म्हणाले, धरायचं नाय, मोजायचं.

दुसऱ्या दिवशी फुगवट्यात सहा मडकी तरंगायला लागली. गावात ज्यांना कळायचं त्यांना कळलं. चाचांनाही कळलं. त्यांनी हॉटेलवर सगळ्यांदेखत काकांच्या कानाशी लागून सांगितलं, "पुंजा, मटके निकाल ले. संघपालसाहेब बघतील तर शिकारीची केस करतील." संघपाल म्हणजे आमच्या भागाचे वनरक्षक. तरुण आहेत, नवी नोकरी, कायदा तोंडपाठ.

दोस्तानं काळजीनं सांगितलेलं काकांना भलतंच ऐकू आलं. ते घरी येऊन खूश होते. म्हणाले, भ्यायलंय बेनं. बोर्ड जातोय म्हणून भ्यायलंय.

गणनेचा रविवार उजाडला. थंडी अशी की शेकोटीजवळ बसलेल्या माणसाची पाठ वेगळी आणि पोट वेगळं लागावं. काकांनी अंगाला करडईचं तेल चोळलं, कमरेला सुतळी बांधली आणि मडकं घालून पाण्यात शिरले. सुतळी मोजायला. शंभर पाखरं झाली की एक गाठ.

पुढचं मी काकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की मीच पाण्यात होतो असं वाटतं. वारा उगवतीकडून होता. काका वाऱ्याबरोबर, पाय न उचलता, गाळात घसरत निघाले. थापटे त्यांच्या नाकापुढून गेले. एका बदकानं मडक्याला चोच घासली. एकदा त्यांचा हात पाण्याखाली आपोआप पुढं गेला, दोन बोटांत काडीएवढा पाय आला, आणि त्यांनी तो सोडून दिला. हे सांगताना काका अजून आपली बोटं बघतात. चाळीस वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. तासाभरात एकोणीस गाठी झाल्या. अजून अर्धा फुगवटा बाकी होता. काकांच्या मनात बोर्ड जवळजवळ रंगून झाला होता.

तेवढ्यात मागून होडी आली.

होडीत चाचा वल्हवत होते. मॅडम, त्यांचे तिघे लोक आणि संघपालसाहेब बसले होते. काकांनी हळूच मडकं फिरवलं आणि भोकांतून पाहिलं. चाचा टोपी घालून उभे राहिले होते. ते बोट दाखवायचे, मॅडम लिहायच्या. पुन्हा बोट, पुन्हा लिहिणं. काकांना तिथपर्यंत ऐकू येत होतं, आणि चाचा चक्रवाकाला कादंब म्हणत होते. मॅडमनी दुरुस्त केलं असतं तर काकांनी तेही सहन केलं असतं. पण चाचा पुढं काहीतरी बोलले आणि मॅडम हसल्या. मनापासून, मान मागं टाकून.

ते हसू ऐकलं आणि मडकं उलटं चालायला लागलं. वाऱ्याच्या तोंडाला, सरळ होडीकडं, चांगली सात-आठ पावलं.

आधी एका चक्रवाकानं मान वर केली. त्यानं मडक्याकडं पाहिलं, पाण्यावरच्या लाटेकडं पाहिलं, आणि ओरडला. मग सगळा फुगवटा उठला. हजार बायांनी एकदम सुपं पाखडावीत तसा आवाज झाला आणि ऊन झाकलं गेलं. मॅडमची वही पाण्यात पडली. थोड्या वेळानं आभाळ मोकळं झालं तेव्हा पाण्यावर एकही पाखरू नव्हतं. सात मडकी होती. वारा आला, सहा मडकी सरकली. सातवं जागच्या जागी उभं राहिलं.

संघपालसाहेबांनी विचारलं, "मडक्याखाली कोण हाय?"

मडक्यानं उत्तर दिलं नाही. आपण मडकंच आहोत असं वाटून होडी निघून जाईल, अशी काकांना आशा होती.

संघपालसाहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि फोटो घेतला. बंदीच्या पाण्यात, बंदीचं हत्यार, माणसासकट. ते चाचांकडं वळले आणि म्हणाले, तुम्ही इथलेच, ही शिकारीचीच पद्धत ना? चाचांनी फक्त हो म्हणायचं होतं. बोर्ड त्यांचा, काठ त्यांचा, आणि काका तालुक्याच्या कोर्टात.

चाचांनी वल्हं आडवं ठेवलं. म्हणाले, "साहेब, शिकार नाय. मीच त्याला मोजायला सांगितलं होतं. मटके माझे आहेत."

मॅडमनी चाचांकडं पाहिलं. किती मोठ्या मनाचा माणूस, असं ते बघणं होतं. काकांनी भोकांतून ते स्वच्छ पाहिलं. टोपी गेली, दुर्बीण गेली, आता मोठं मनसुद्धा यालाच. काकांनी दोन्ही हातांनी मडकं डोक्यावरून उचललं.

"खोटं बोलायलाय साहेब. मटकी माझी हायत, त्यातलं डोकं बी माझं हाय. ह्याला मटक्याखाली घाला, हा तिथं बी बोलंल."

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. काकांचे दात थंडीनं वाजत होते, तरी त्यांनी कमरेची सुतळी सोडून मॅडमपुढं धरली. एकोणीसशे, ते म्हणाले. थापटे बारा गाठी, बाकीच्या सातांत तलवार बदक आणि चक्रवाक. अर्धा फुगवटा राहिला. राहिला तो याच्यामुळं.

मॅडमनी सुतळी हातात घेतली. बराच वेळ त्या गाठींवरून अंगठा फिरवत राहिल्या.

केस झाली नाही. मॅडम साहेबांशी बोलल्या, साहेबांनी काकांकडून पुन्हा मडकं पाण्यात घालणार नाही असं लिहून घेतलं, आणि सहा मडकी फोडली. सातवं साळूकाकूंनी आधीच काठावरून पदराखाली घालून घरी नेलं होतं, हुलगे परातीत पडून होते म्हणून. गणना पुढच्या रविवारी पुन्हा करावी लागली. पाखरं उठवणाऱ्याचं नाव बोर्डावर येणं शक्यच नव्हतं. नाव आलं, शेख निजामुद्दीन, खाली नंबर. खांबाला खड्डा खणायचा होता आणि गावात चांगली पहार एकट्या काकांकडं. त्यांनी स्वतः खड्डा खणला. बोर्ड आज थोडा डावीकडं कललेला आहे. ते वाऱ्यानं झालं, असं काका सांगतात.

पण गोष्ट तिथं थांबली नाही, कारण पाठोपाठ फेब्रुवारीतला पहिला रविवार आला. गाडी थांबली, मॅडम उतरल्या. चाचा टोपी नीट करून पुढं झाले. मॅडमनी नमस्कार केला आणि विचारलं, मडकेवाले काका कुठं आहेत? कॉलेजातली मंडळी आलीत. बदकं मडक्यावर विश्वास कसा ठेवतात, ते त्यांना काकांच्या तोंडून ऐकायचंय.

त्या दिवशी काका दोन तास बोलले. चार वर्षांचं साठलं होतं. मंडळींनी या वेळी चाचांना बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत सावली पडत होती म्हणून. चाचा सरकले. संध्याकाळी मी पाहिलं तर चाचा आपल्या ओट्यावर पाठ करून बसले होते, आणि अधूनमधून मागं बघत होते.

आता फोन चाचांनाच येतात. बोर्डावर नंबर त्यांचा. परवाच एक आला तेव्हा मी तिथंच होतो. काका दहा पावलांवर जाळं शिवत बसले होते, शेजारी ते मडकं उन्हात ठेवलेलं. चाचा फोनवर ऐकत राहिले, त्यांचा चेहरा उतरत गेला. मग काकांकडं सरळ बघत ते म्हणाले, "मडकेवाले? वो तो गाव गये. पंधरा दिन नहीं आते."

काकांनी ते ऐकलं. सुई थांबवली नाही, मान वर केली नाही. रात्री चाचांच्या घरून शेवयांची वाटी आली नाही. काकांनी दोनदा विचारलं, आली का? नाही म्हटल्यावर ते गालात हसले, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा एक भाकरी जास्त खाल्ली.