ज्वारीतली सीडी

एमआरआयची फिल्म निर्मलाबाईंनी कपाटात साड्यांखाली अशी जपली होती की तिचा कोपराही दुमडला नव्हता. आणि आता भाग्येश नाशिकहून फोनवर म्हणत होता, "आई, फिल्म नको. त्या पाकिटात सीडी होती, ती घेऊन या. उद्याच."

त्याच्या वडिलांच्या, चुडामणभाऊंच्या, प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली होती. सुईने काढलेला तुकडा फारसा वाईट नव्हता. पण सुई गाठीत एखाद्याच जागी जाते, बाकीच्या गाठीचं काय? म्हणून डॉक्टर सीडीतली चित्रं कॉम्प्युटरला देणार होते. गाठ झपाट्याने वाढणारी आहे की सुस्त, याचा अंदाज तो काढणार, आणि त्यावरून ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं, ते डॉक्टर ठरवणार. एमआरआय काढला त्या सेंटरकडची प्रत पुसली गेली होती. आणि पुन्हा काढायचा म्हटलं, तर चुडामणभाऊ त्या मशीनमधून बाहेर येतानाच हात जोडून म्हणाले होते, "मरी जासू, पन परत तठे जाणार नही."

"ओ, ती सीडी कोठे शे?" निर्मलाबाईंनी वावरात नवऱ्याला फोन लावला.

"ती चमकणारी चकती? जवारीले बांधी दिन्ही. पाखरं लई येतस."

निर्मलाबाईंनी फोन ठेवला. मग डोक्यावर पदर घेतला आणि भर दुपारी वावर गाठलं.

ज्वारीत जागोजागी काठ्यांना जुन्या सीड्या टांगलेल्या. वाऱ्यावर गरगरायच्या, डोळ्यांत ऊन मारायच्या. एकेक धरायची, उलटून नाव वाचायचं. पुतण्याच्या, धीरजच्या लग्नाची सीडी. भजनं. 'संगणक परिचय'. एक नुसतीच कोरी. पानांनी मनगटं चरचरत होती. चुडामणभाऊ पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत शेंगा फोडत बसले होते.

"ती नही!" ते तिथूनच ओरडले. "ती बी नही. तठे, बांधवर देख."

बांधापर्यंत गेल्यावर निर्मलाबाई थबकल्या. इतक्या लांबून यांना नाव कसं दिसतं? त्या तशाच माघारी आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"ती नही, हाई तुम्हले कसं माहीत?"

चुडामणभाऊंनी हातातली शेंग उगाच दोनदा उलटवली. मग उठले, खोलीत गेले आणि स्टार्टरच्या पेटीमागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत कागदी पाकीट, पाकिटात सीडी. एक ओरखडा नाही.

"मंग मले उन्हात कशाले फिरावं?"

"वाटनं, तुले कटाळा ई जाई. घर चालनी जाशी."

"इतला वरीस तुमनासंगे काढात, कधी कटाळा ऊना का मले?"

ते खाली बसले. "भ्याव लागस, भाग्येशनी माय. डॉक्टर मानूस शे, तोंड देखीसन बोलस. तो कॉम्प्युटर तोंड देखस का?"

निर्मलाबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. ती ओच्यात खोचली आणि म्हणाल्या, "चला. सकाळनी एसटी शे."

नाशिकला डॉक्टरांनी पडद्यावर करड्या चित्रातला एक रंगीत ठिपका दाखवला. "हा कॉम्प्युटरचा अंदाज. तुकड्याच्या रिपोर्टशी जुळतोय. गाठ सुस्त दिसते. आत्ता ऑपरेशन नको. रक्त तपासत राहू आणि वर्षाने पुन्हा एमआरआय करू."

एवढं सगळं बोलणं झालं, पण चुडामणभाऊंनी शेवटचंच ऐकलं. "परत त्या मशीनमा?"

"हो, परत!" निर्मलाबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बाहेरच्या नर्सने डोकावून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी दारशी उभी राहसू."

परतीच्या गाडीत चुडामणभाऊ खिडकीबाहेरची वावरं बघत होते. दोंडाईचा गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "आते त्या चकतीनं काम व्हयनं ना? जवारी अजून उभी शे..."

सीडी निर्मलाबाईंच्या पर्समध्ये होती. त्यांनी मांडीवरची पर्स उचलली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि तोंड पलीकडे फिरवलं.