जिन्याला नाव कुणाचं?

हरिदास भित्रा माणूस. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या आयटी ऑफिसात इतकी वर्षं काढली, तरी मीटिंगमध्ये खुर्ची सरकवताना आवाज होऊ नये म्हणून जीव मुठीत धरायचा. नेमक्या अशा माणसाच्या गळ्यात तिथल्या आंबेडकरी मंडळानं रेडिंगच्या विद्यार्थी-निवासाच्या निधीचं काम घातलं. निवास म्हणजे एक जुनं, अरुंद, तिमजली घर. त्याची दुरुस्ती करून मागे हॉल आणि काही खोल्या वाढवायच्या होत्या.

निधी येत होता, तक्रार नव्हती. पण आपल्याकडे दान दिलं की पाटी आलीच. कालकथित, म्हणजे दिवंगत, वडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथालय, कालकथित आजीच्या स्मरणार्थ खोली तापवायचा रेडिएटर. हसू नका, खरंच. मेडनहेडच्या राकेशदादांनी तर आईच्या नावानं बुद्धमूर्तीसकट अख्खा हॉल घेतला. राहिला तो आगीच्या वेळी उतरायला मागे बसवायचा लोखंडी जिना. आतला एकमेव लाकडी जिना स्वयंपाकघराच्या दाराशीच उतरायचा. खाली आग लागली, तर माळ्यावरच्या पोरांनी उतरायचं कुठून? हरिदासनं एकदा चाचरत राकेशदादांनाच विचारलं.

"माझ्या आईचं नाव जिन्याला? पुन्हा हा विषय काढू नका."

हरिदासनं हिवाळाभर काढला नाही. फक्त निवासातून फोन आला की आधी 'आग तर नाही ना?' असं विचारायचा.

दोन हजार सहाच्या भीमजयंतीला कार्यक्रम निवासातच होता. खुर्च्या आणायला हरिदास माळ्यावर गेला. तिथं नकुल आणि विहान राहायचे, दोघंही मिल्टन कीन्सची, इथंच जन्मलेली पोरं. छतावरच्या स्मोक अलार्मला कुणीतरी शॉवर कॅप घालून रबर लावलं होतं.

"हे काय रे?"

"अंकल, खाली फोडणी दिला की तो रोज वाजतो," विहान म्हणाला. "सो आम्ही कव्हर केलं. डोन्ट वरी."

खाली हरिदासची बायको स्नेहल वरणाला फोडणी देतच होती. मिरचीचा धूर जिन्यानं सरळ वर आला. हरिदासनं स्टुलावर चढून टोपी ओढली आणि अलार्म किंचाळायला लागला. दोघांपैकी एकानंही लॅपटॉपवरून मान वर केली नाही. हरिदास टोपी हातात घेऊन स्टुलावरच उभा राहिला. खाली खरंच आग लागली, तरी ही पोरं अशीच बसून राहतील.

दुपारी दात्यांची नावं वाचायला तो माइकपाशी उभा राहिला. राकेशदादा पहिल्या रांगेत होते. यादी संपली, तरी तो हलला नाही.

"एक जिना राहिलाय," तो म्हणाला. "त्याला द्यायला कुणाकडेच नाव नाही. थांबू या आपण. वर नकुल आणि विहान राहतात. अलार्म वाजला तरी उठत नाहीत. एक दिवस नाव मिळेल. कालकथित लावून."

रांगांमध्ये कुजबुज सुरू झाली. जयंतीच्या दिवशी हे अभद्र बोलणं! स्नेहलनं तोंडाला पदर लावला. नकुलची आई मधे बसली होती, ती उठून उभी राहिली आणि पोरगा कुठं दिसतोय ते बघायला लागली. आपण हे काय बोलून बसलो, या भीतीनं हरिदासला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

राकेशदादा उठले. संतापानं, असंच सगळ्यांना वाटलं.

"माझी आई जन्मभर लोकांच्या इमारतींचे जिने झाडत होती," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा ठरवलं होतं, तिचं नाव मूर्तीपाशी लागेल. जिन्यापाशी नाही." त्यांनी हरिदासकडे पाहिलं. "मूर्ती राहू दे. आधी जिना बसवा. तिचंच नाव लावा. पोरं त्यावरून जिवंत खाली येऊ देत."

हरिदासला नुसतं 'जय भीम' म्हणायचं होतं. तेही राहिलं; त्यानं यादी उलगडून जिन्यापुढं त्यांच्या आईचं नाव लिहून टाकलं.