अप्पांची शुक्रवारची भक्ती

अप्पांना साखरेचा आजार निघाला आणि त्याच महिन्यात त्यांना देव आठवला. आईला वाटलं, आजारानं माणूस सुधारला. मला खरं काय ते ठाऊक होतं. त्यांच्या पायाच्या बोटाची जखम काही केल्या भरत नव्हती, म्हणून आईनं पथ्य सांभाळायला मला त्यांच्यामागं पहाऱ्याला लावलं होतं.

तंजावुरात केबल टीव्ही नुकता आला होता, पण राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शुक्रवारचं खरं आकर्षण अम्मन देवीच्या देवळातला प्रसाद हेच. ज्याचा नवस, त्याच्या ऐपतीप्रमाणे पातेल्यात कधी दहीभात, कधी चिंचेचा भात आणि नशीब जोरावर असलं तर सक्करै पोंगल, तुपात न्हालेला गुळाचा भात. झाकण निघेपर्यंत काही कळायचं नाही. दर वेळी पोंगलच मिळालं असतं तर अप्पा महिन्याभरात पुन्हा नास्तिक झाले असते. दहीभात निघाला की ते म्हणायचे, "पुढल्या शुक्रवारी पोंगलच, बघ तू."

पोंगल निघालं की अर्धा द्रोण माझा, असा आमचा करार होता. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते, इन्सुलिनचा धडा मला तोंडपाठ होता. पण गुळाचा वास आला की सगळं शास्त्र गुंडाळून ठेवायची.

"आज काय होतं गे?" घरी आल्यावर आई विचारायची.

"दहीभात," मी बेधडक सांगायची.

जखम चिघळली. बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. आईला माझा संशय आला, पण ती रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "खरं सांग, पुरणपोळी करते."

मी हिशेब केला. तिकडे अर्धा द्रोण, तोही मिळाला तर; इकडे खात्रीच्या पोळ्या. अप्पांचं बोट त्यानंतर आठवलं, हे लिहितानाही लाज वाटते. मी सगळं ओकले.

अप्पांची भक्ती त्याच दिवशी बंद झाली. पुढं बोटही वाचलं. पण पोळीच्या त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? ते माझ्यासमोर नाचणीची आंबील घेऊन बसले होते आणि मी पोळीचा तुकडा नुसताच ताटात फिरवत होते.

"अप्पा, रागावलात काय?"

"रागावू कशाला? मी तुला अर्ध्या द्रोणात फितवलं, तुझ्या आईनं पोळीवर. खा गे, निवेल ती."